आधी ॲडमिशन, मग कांदेपोहे?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्या आज्या सांगत आल्या. आपल्या पिढीने त्यात तिसरी ओळ घातली आहे. कॉलेज पाहावं ॲडमिशन घेऊन! बरं, लग्नात निदान कांदेपोहे तरी होतात. पाहुणे येतात, चार ठिकाणी चौकशी होते, एखादी आत्या पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावून येते. इथे चार वर्षांचा मुक्काम, घरच्यांचा एवढा पैसा, आणि मुलाने कॉलेज पाहिलेलं असतं ते फक्त वेबसाइटवरच्या फोटोत. त्या फोटोत आकाश नेहमी निळं असतं आणि मुली नेहमी लॅपटॉपकडे बघून हसत असतात. (मित्रहो, लॅपटॉपकडे बघून हसणारी मुलगी मी तीन वर्षांत आपल्या लॅबमध्ये एकदाही पाहिलेली नाही. प्रोग्रॅम रन होत नसताना हसू येत नाही.)

माझं म्हणणं साधं आहे. कॅप राउंडमध्ये सीट मिळाल्यावर आणि फी भरायच्या आधी जे दोन-तीन दिवस हातात असतात, त्यात मुलाने किंवा मुलीने कॉलेजला स्वतः येऊन जायला हवं. आणि आलेल्याला कॉलेज दाखवायचं काम ऑफिसचं नाही, आपलं हॉस्टेलवाल्यांचं आहे.

सीट मिळाली म्हणजे ॲडमिशन झाली असं घरी सगळ्यांना वाटतं. शेजारी पेढे वाटून होतात (आमच्या साताऱ्यात तर कंदी पेढे वाटायला निमित्तच लागतं). खरं तर त्या क्षणी मुलाच्या हातात फक्त एक कागद असतो. सीट घ्यायची, बेटरमेंटला जायचं की सरळ सोडून द्यायची, हे अजून ठरायचं असतं. आणि हे ठरवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. माझ्या वेळी, २०२३ साली, पहिल्या राउंडमध्ये पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तरच ऑटो फ्रीझ व्हायचं. २०२५ च्या प्रवेशात चार राउंड झाले आणि नियम असा आला की दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या राउंडला पहिल्या सहापैकी काहीही लागलं तरी ऑटो फ्रीझ. म्हणजे सायबर कॅफेवाल्या दादाने 'हे पण टाकून ठेव गं' म्हणून पाचव्या नंबरला घातलेलं कॉलेजही गळ्यात पडू शकतं. तेव्हा पहिली पाच-सहा नावं तरी डोळ्यांनी पाहिलेली असावीत. ते नाही जमलं तर निदान जे लागलंय ते, पैसे भरायच्या आधी.

आपल्या दोन जिल्ह्यांत पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण निवड करायला होतंच काय? सांगलीत १९४७ साली धोंडुमामा साठ्यांनी सुरू केलेलं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज, जे १९५५ पासून वालचंद म्हणून ओळखलं जातं. मग कराडचं शासकीय कॉलेज, १९६० चं. ज्याला सीट मिळाली तो देवाला नारळ फोडायचा, हॉस्टेलचं पाणी किती वाजता जातं हे विचारायला बसायचा नाही. वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात रयतचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज आलं, इकडे साखराळ्याला राजारामबापू आलं. मग आष्टा झालं, अजून बरीच झाली. आता हायवेला एसटीच्या खिडकीतून बघाल तर उसाच्या मळ्यानंतर कॉलेजची कमान आणि कमानीनंतर पुन्हा ऊस. निवड आली की बघणंही आलं. भाजी घेताना आपण वांगं चार वेळा उलटंपालटं करतो.

माझंच सांगते. सातारा स्टँडवरून सकाळी सहाची एसटी पकडली. सोबत पप्पा आणि मम्मी. (मम्मीला यायचं नव्हतं, पण त्याच मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे ती 'मग येतेच' म्हणाली. सरकारच्या निर्णयांचा असाही उपयोग.) कराडला उड्डाणपुलाच्या कामात तासभर अडकलो. त्या दिवशी दोन कॉलेजं बघायची होती. पहिल्या ठिकाणी, नाव लिहीत नाही, काउंटरवरच्या सरांनी मान वर न करता सांगितलं, "ओरिजिनल आणलेत ना? आधी रिपोर्टिंग करून घ्या, मग हॉस्टेल दाखवतो." पप्पा म्हणाले, "साहेब, आधी बघू द्या की." उत्तर आलं, "बघायचं काय त्यात? सगळी हॉस्टेलं सारखीच असतात." पप्पांनी फाइल बंद केली आणि आम्ही बाहेर येऊन चहा प्यायलो.

दुसरं कॉलेज आपलं. इथेही ऑफिसात काही फार आरती ओवाळली गेली नाही. पण गेटवर एक सीनियर ताई भेटली, ओलं डोकं टॉवेलमध्ये गुंडाळलेली, हातात कपड्यांची बादली. मम्मीने तिला गाठलंच. ताईने बादली वॉचमन काकांकडे ठेवली आणि आम्हाला थेट वर रूमवर नेलं. पप्पा खाली थांबले. ती म्हणाली, "काकू, गरम पाणी सोलरचं आहे, पावसाळ्यात धरून चालू नका. मेस सोमवार ते गुरुवार चांगली, शुक्रवारी मावशींचा मूड बघून. लायब्ररी परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उघडी असते, ते खरंच आहे. आणि पहिल्या वर्षाला आत जागा मिळेलच असं नाही, भाड्याची बिल्डिंग आहे तीन किलोमीटरवर, तिथे टाकतात." मग मम्मीने आमच्या भागातल्या प्रत्येक आईचा प्रश्न विचारला, "पुराचं पाणी येतं का हो इथे?" २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, जिथे धोक्याची पातळी ४५ आहे, आणि २०२१ ला पुन्हा सांगली पाण्यात होती. कोयना आमच्या जिल्ह्यात, तिथलं पाणी सोडलं की घोर इकडच्यांना, त्यामुळे सातारकरांना हा प्रश्न विचारताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. ताईने कुठपर्यंत पाणी आलं होतं ते गॅलरीतून हात करून दाखवलं. कुठल्या माहितीपुस्तिकेत हे छापलेलं असतं, मला दाखवा.

या वीस मिनिटांत मी ठरवलं. कॉलेज फार भारी दिसलं म्हणून नाही. तिने वाईटही सांगितलं, म्हणून चांगलं सांगितलेलं खरं वाटलं.

आता दुसरी बाजू. माझी पहिली रूममेट जत तालुक्यातली. रिपोर्टिंगच्या शेवटच्या दिवशी वडिलांबरोबर आली, फी भरली, आणि आठवड्याने सामान घेऊन आली तेव्हा तिला कळलं की तिची कॉट कॉलेजात नाही, त्या तीन किलोमीटरवरच्या बिल्डिंगमध्ये आहे. मला ते माहीत होतं, म्हणून पप्पांनी माझी सायकल सामानाच्या टेम्पोतच चढवली होती. तिच्याकडे सायकल नव्हती आणि चालवताही येत नव्हती. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं, मेस कॉलेजात, जेवून निघेपर्यंत अंधार. कधी माझ्या मागे कॅरियरवर, कधी रिक्षा. रिक्षाचे पैसे ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायची, आणि दर रविवारी बेरीज करून गप्प बसायची. युनिट टेस्टला एम-वनमध्ये तिला माझ्यापेक्षा सहा मार्क जास्त होते, हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक म्हणाले की तिला अभ्यास झेपला नाही. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. कोल्हापूरला तिची सख्खी मावशी राहते आणि यादीत कोल्हापूरचं कॉलेज आमच्या एकच नंबर खाली होतं. आता ती जतमध्ये बी.एस्सी. करते. हा काही दोन इमारतींमधल्या अंतराचा किरकोळ प्रश्न नाही. एका मुलीचं इंजिनिअरिंग त्यात गेलं.

यावर कोणी म्हणेल, मुलींना आता फी माफ आहे. आहे, आणि चांगलंच आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरतं. पण कॉट, मेस, डिपॉझिट आणि रिक्षा त्यात येत नाही. ज्या घरात फीचा प्रश्न सुटला तिथे हॉस्टेलचा प्रश्न पहिला झाला, इतकंच. आणि हे साताऱ्याच्या माणसाला नवीन नाही. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये काल्याला रयत काढली आणि १९२४ ला साताऱ्यात येऊन बोर्डिंग उभं केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसतील असं. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, खर्ची घातलं. पोरगं झोपणार कुठे आणि जेवणार काय, हे आधी बघायचं, शिकवणं त्याच्यावर उभं राहतं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आपण मात्र अजून पालकांना आधी सेमिनार हॉलमध्ये बसवून प्लेसमेंटची स्लाइड दाखवतो.

अमेरिकेत म्हणे प्रवेश मिळालेल्या मुलांना एप्रिलमध्ये कॉलेज बघायला बोलावतात, काही ठिकाणी एक रात्र हॉस्टेलमध्ये विद्यार्थ्यांबरोबर राहताही येतं, आणि उत्तर साधारण १ मेपर्यंत द्यायचं असतं. आपल्याला एवढे दिवस मिळणार नाहीत, आणि आटपाडीहून येणाऱ्या बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो तोही कोणी भरून देणार नाही. म्हणून तर जो एक दिवस तो काढतो, तो काउंटरच्या रांगेत जाऊ नये.

आमच्या एका सरांशी यावर वाद झाला. त्यांचं म्हणणं, "बिल्डिंग बघून काय शिक्षण कळतं?" अर्धं पटलं. एका दिवसात शिकवणं कळत नाही. पण वर्कशॉपमध्ये लेथवर तेलाचे डाग आहेत की प्लॅस्टिकचं कव्हर, हे कळतं. नोटीस बोर्डवर मागच्या वर्षीचं टाइमटेबल आहे की या आठवड्याचं, हे कळतं. लायब्ररीत पुस्तकांच्या मागच्या स्लिपवर तारखांचे शिक्के आहेत की पान कोरं, हेही कळतं. सरांचा दुसरा मुद्दा जास्त खरा होता, फक्त ते हळू आवाजात बोलले: "तुम्ही पोरं सगळं खरं सांगत सुटलात तर सीटा भरतील का?"

सर, भरलेली सीट दिवाळीत रिकामी झाली तर त्या वर्षी तिथे कोणी येत नाही. सेकंड इयरला डिप्लोमावाले येईपर्यंत ती रिकामीच. कॉलेजची फी जाते, मुलीचं वर्ष जातं. आणि नुसती तक्रारच केली जाते असंही नाही. त्या ताईने लायब्ररीचं कौतुक केलं होतं, मेसमधल्या मावशी आजारी मुलीला वेगळी पेज करून देतात हेही सांगितलं होतं. ऑफिसने ते सांगितलं असतं तर आम्ही जाहिरात समजलो असतो.

बॉइज हॉस्टेलच्या मित्रांनो, एक विनंती तुम्हालाही. पालक गेटवर विचारायला आले की "काका, कशाला येताय इथे, पळा" हा जोक दरवर्षी कोणीतरी करतो. चार जण हसतात. तो बाप घरी जाऊन रात्रभर जागा राहतो. जोक करू नका, पाण्याची वेळ सांगा.

तर आम्ही गर्ल्स हॉस्टेलच्या चौदा जणींनी रेक्टर मॅडमकडे अर्ज दिला आहे. प्रत्येक राउंडनंतर रिपोर्टिंगच्या दिवसांत सकाळी दहा ते चार दोघी-दोघी गेटवर बसू. राहती रूम दाखवू, रंग दिलेली गेस्ट रूम नाही. भाड्याच्या बिल्डिंगपर्यंतही चालत नेऊ, म्हणजे तीन किलोमीटर म्हणजे किती ते पायांना कळेल. मेसचं, डिपॉझिटचं, रिक्षाचं खरं बजेट एका पानावर लिहून झेरॉक्स देऊ. आलेल्या पालकांना मेसमध्ये आमच्याच रेटने ताट मिळावं, आणि लांबून आलेल्या आई-मुलीला एक रात्र राहू द्यावं, एवढं मागितलंय. ताटाला मॅडम हो म्हणाल्या. रात्रीच्या मुक्कामाचं प्राचार्य सरांना विचारून सांगते म्हणाल्यात. ड्यूटीचा तक्ता मेसच्या दारावर लावलाय, शनिवारची दुपार अजून रिकामी आहे.

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर