कस्तुरीची मुलगी



यंदा श्रावणात आपल्या गटाचं दोन दिवसांचं निवासी शिबिर झालं. दुसऱ्या रात्री जेवणं उरकल्यावर सगळ्या गोल करून बसलो. 'मी या कामात कशी आले' हा आपला नेहमीचाच विषय. कुणी हुंड्याच्या केसमधून आलेली, कुणी दारूच्या दुकानावरच्या मोर्च्यातून, कुणी बचत गटाच्या हिशोबावरून झालेल्या भांडणातून. हसणं-रडणं दोन्ही झालं. एका कार्यकर्तीची मुलगी तिच्याबरोबर आली होती, अकरावीत शिकणारी. चहाचे पेले गोळा करता करता ती सहज म्हणाली, "सगळ्या गावातल्या बायकांचं ऐकायला माझ्या आईला वेळ असतो. माझी सहामाही कधी आहे, ते मात्र तिला शेजारच्या काकू सांगतात."

कुणी काही बोललं नाही. तिच्या आईनं खाली पाहिलं. मग कुणीतरी गाणं सुरू केलं आणि विषय तिथंच राहिला. खरं सांगायचं, तर ते गाणं मीच सुरू केलं होतं.

या अंकाचं संपादकीय हिंदी कादंबरीकार मैत्रेयी पुष्पा यांच्यावर लिहायचं मी आधीच ठरवलं होतं. घरच्या मुळांतून आणि खेड्यातल्या वाढण्यातून बाईचं लिखाण कसं उगवतं, असा काहीसा विषय मनात होता. शिबिराहून परतल्यावर टिपणं काढली, तर त्या मुलीचं वाक्य मध्ये येऊन बसलं. दोन्ही विषय एकच निघाले.

मैत्रेयी पुष्पांचा जन्म 1944 चा, अलीगढ जिल्ह्यातल्या सिकुर्रा गावचा. पुढचं बालपण आणि शिक्षण झाशीकडच्या बुंदेलखंडात. (माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत त्या, पण वाचता वाचता 'त्या'ची 'ती' कधी झाली, कळलं नाही. तशीच राहू द्या.) ती दीड वर्षाची असताना वडील गेले. आईचं नाव कस्तुरी. या कस्तुरीला लग्नच करायचं नव्हतं. घरच्यांनी पैसे घेऊन तिचं लग्न लावून दिलं. पदरात मूल घेऊन विधवा झाल्यावर ती शिकली आणि ग्रामसेविका झाली. 1952 साली सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावातल्या बायकांपर्यंत पोचायला सरकारला बायकाच हव्या होत्या. परक्या गावात एकटीनं जायचं, बायकांना अंगणात गोळा करायचं, मुलींना शाळेत घाला म्हणून आर्जवं करायची. आपण आज जे करतो, ते ती बाई साठेक वर्षांपूर्वी करत होती, आणि तिच्या पाठीशी ना संघटना होती ना मोबाईल.

पण तिच्या मुलीचं काय? कस्तुरीची नेमणूक जिथं होई तिथं शाळा नसायची, आणि मुलगी शिकलीच पाहिजे हा हट्ट. म्हणून मैत्रेयी वाढली दुसऱ्यांच्या घरी. कधी ओळखीच्यांकडे, कधी गावातल्या एखाद्या कुटुंबात. या घरांतून माया मिळाली आणि त्रासही झाला. बापाविना, आईविना राहणाऱ्या मुलीकडे घरातला आणि शाळेतला पुरुष कसा पाहतो, ते तिनं आडपडदा न ठेवता लिहिलं आहे.

आणि खरी मेख पुढेच आहे. मुलीनं शिकावं, नोकरी करावी, पुरुषाच्या जिवावर जगू नये, असं आईला वाटे. मुलगी म्हणाली, मला लग्न करायचं आहे. मला घर हवंय. आईनं ज्या घरातून सुटायला आयुष्य वेचलं, तेच घर लेकीला हवं होतं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेकीवर चिडले होते. इतक्या लढाऊ बाईच्या पोटी ही अशी कशी? मी तेव्हा एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि त्या वयात आपल्याला सगळ्या गोष्टींची उत्तरं येत असतात.

मैत्रेयी झाशीत एम. ए. झाली आणि एका डॉक्टरांशी लग्न करून संसाराला लागली. पुढे दिल्ली, तीन मुली. चाळिशी ओलांडेपर्यंत तिच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. तिला लिहितं केलं ते तिच्या मुलींनी. 1994 साली 'इदन्नमम' आली, 1997 साली 'चाक', 2000 साली 'अल्मा कबूतरी'. दिल्लीतल्या फ्लॅटमध्ये बसून ती जे लिहू लागली ते सगळं गावातलं होतं, आणि तेही एका गावाचं नव्हे. जन्मगावाकडची ब्रज बोली आणि वाढली तिथली बुंदेली, अशा दोन बोली तिच्या कानात होत्या. 'चाक'मधलं जाटांचं अतरपूर ब्रजमधलं, तर 'इदन्नमम'मधली दगडखाणी आणि क्रशरच्या धुळीत बुडालेली गावं बुंदेलखंडातली.

'गावाकडची लेखिका' म्हटलं की आपल्याला लगेच आंब्याची झाडं, आजीच्या गोष्टी, मातीचा वास आठवतो. हे कौतुक मला नेहमीच खटकतं. गावात राहून गावाला मुकलेली मुलगी ते लिहूच शकत नाही. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे बघणं. या घरात कुणाचा शब्द चालतो, कुणाला शिळं वाढतात, कोणत्या खोलीत एकटीनं जायचं नाही. आपल्याच घरात वाढलेल्या मुलीला हे इतकं दिसत नाही, तिला ते गृहीत असतं. मैत्रेयीच्या कादंबऱ्यांत बायकांच्या आतल्या राजकारणाची जी जाण आहे, ती मला इथून आलेली वाटते.

'चाक' उघडून पाहा. रेशम नावाची तरुण विधवा गरोदर राहते, आणि सासरची माणसं तिचा जीव घेतात. त्या खुनाच्या बरोबरीनं लेखिका त्या गावात आधी गेलेल्या बायकांची नावं घेते. कुणी दोरावर, कुणी विहिरीत, कुणी नदीत. वाचताना मला आपल्या कार्यालयातलं लोखंडी कपाट आठवलं. 'पाय घसरून विहिरीत पडली', 'स्टोव्हचा भडका उडाला', 'पोटदुखीला कंटाळून'. आपल्या फायलींत त्या बायका एकेकट्या आहेत, प्रत्येकीचा क्रमांक वेगळा. कादंबरीत त्या एका गावच्या, एकमेकींच्या कोणीतरी लागणाऱ्या बायका आहेत. रेशम ही नायिका सारंगची नात्यातली बहीणच. केस रेकॉर्ड लिहायला मला दोन वर्षं शिकवलं गेलं, आणि ते शिक्षण मी कमी लेखत नाही. कोर्टात कागदच लागतो. पण त्या कागदात 'नातेवाईक' असा एक रकाना असतो, त्यात आपण नवऱ्याचं, नाहीतर बापाचं नाव लिहितो. तिच्यासाठी रडणारी बहीण कुठे लिहायची?

तिची 'फैसला' नावाची कथा तर आपल्या प्रत्येक शिबिरात वाचली पाहिजे. बसुमती गावची प्रधान झालेली आहे, कारभार नवरा पाहतो. तिनं एका बाईच्या बाजूनं दिलेला निवाडा नवरा फिरवतो, आणि त्या बाईचा जीव जातो. पुढे नवरा वरच्या निवडणुकीला उभा राहतो आणि एका मतानं पडतो. ते मत बसुमतीचं असतं! ही गोष्ट ती आपल्या मास्तरांना पत्रातून कळवते. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर, 1993 पासून, आपल्याकडे किती बसुमती निवडून आल्या आणि किती 'सरपंचपती' त्यांच्या खुर्चीवर बसले, ते आपण पाहतोच. मात्र या कथेत मला सगळ्यात आवडते ती शेळ्या राखणारी इसुरिया. बाई प्रधान झाली म्हणजे आता बायकांचं राज्य आलं, असं ती गावभर ओरडत सुटते. तिचा विश्वास खरा ठरत नाही, पण तोच बसुमतीला झोपू देत नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. बाई निवडणुकीच्या वाटेला लागली की प्रश्नाला तोंड फुटलं, असं मैत्रेयीला वाटत असावं. 'चाक'चा शेवट तिथं जातो, 'अल्मा'चाही. ज्यांनी सरपंचबाईंच्या अविश्वास ठरावाच्या बैठका पाहिल्या आहेत, त्यांना ही वाट इतकी मोकळी वाटणार नाही. 'अल्मा कबूतरी'बद्दल मात्र एक सांगायलाच हवं. कबुतरा ही 1871 च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का गेला नाही. आपल्याकडच्या पारध्यांच्या वस्तीवर रात्री पोलीस आले की काय होतं, हे जिनं पाहिलंय तिला ही कादंबरी परकी वाटणार नाही. गावाबाहेरचे हे डेरे मैत्रेयीनं लहानपणी पाहिले होते. गावातल्या बायकांच्या बैठकीत मात्र त्या डेऱ्यांतली बाई नसायची. आजही आपल्या किती बैठकांत ती असते?

आता माझं थोडं. माझी आई परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका. पगार नाही, 'मानधन'. पोलिओची मोहीम, सर्वेक्षण, आहाराची नोंद, बाळंतिणीची भेट, सगळं तिच्याकडे. गावात सातवीपर्यंतच शाळा, म्हणून मला तालुक्याला काकूकडे ठेवलं. काकू वाईट नव्हती. पण पाच वर्षं मी दुसरी पोळी मागून घेतली नाही. आजवर हे आईला सांगितलं नव्हतं. शिबिरानंतर गावी गेले, तेव्हा ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मी तिला कस्तुरीची गोष्ट सांगितली, आणि त्या पोळीचंही सांगून टाकलं.

आई बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "तुला काकूकडं ठेवलं ते काय हौस म्हणून, माय?" आणि थोड्या वेळानं, "त्या लेकीनं लिहिलं ते बरं केलं. पण लेकराला लोकाच्या घरी ठेवून त्या बाईला झोप लागायची का, हे कुणी इचारलं का तिला?"

मी तिला सांगितलं, की लेकीनं आपल्या आयुष्याचं पुस्तक 2002 मध्ये लिहिलं, त्याचं नाव 'कस्तूरी कुंडल बसै'. कबीराच्या दोह्यातले शब्द आहेत, आणि त्यात आईचं नाव येतं. पुस्तकाची सुरुवात लेकीपासून होतच नाही. लग्नाला नाही म्हणणाऱ्या कोवळ्या कस्तुरीपासून होते, तेव्हा लेक जन्मलेलीही नाही. आई म्हणाली, "म्हंजे इचारलं तिनं."

तेव्हापासून मला वाटतं, मैत्रेयीला गावानं आणि घरानं जे दिलं, त्यात हे भांडण सगळ्यात मोलाचं होतं. 'इदन्नमम'मध्ये आजी, आई आणि मंदा अशा तीन पिढ्या आहेत. आई तरुणपणी विधवा होऊन दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून गेलेली. मंदाला वाढवणारी आजी तिला क्षमा करू शकत नाही. टाकून गेलेल्या आईवर खरा राग असायचा तो मंदाचा, पण तीच तिला समजून घ्यायला निघते. ज्या लेकीनं आईची रस्त्याकडे डोळे लावून वाट पाहिली, तिलाच ही मंदा सुचू शकते.

आपल्या अहवालांत मोर्चे असतात, केसेस असतात, बचत गटांचे आकडे असतात. कार्यकर्त्यांच्या मुली त्यात कुठेच नाहीत. म्हणून पुढच्या अंकात चार पानं त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. वय कितीही असो, बोली कोणतीही असो, शुद्धलेखनाची काळजी करू नका. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा. आईबद्दल तक्रार असेल तर तीही छापू, आणि आईला उत्तर द्यायचं असेल तर त्यालाही जागा आहे. शिबिरातल्या त्या मुलीला मी पत्र पाठवलं होतं. सहामाही संपल्यावर लिहून देते, असं तिनं कळवलं आहे.