वसतिगृहाला कुलूप लागते तेव्हा

केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढलेल्या आदेशात घरमालकांना एक स्पष्ट ताकीद होती. जो घरमालक मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना जागा रिकामी करावयास भाग पाडील, त्याच्यावर कायद्याने कारवाई होईल, असे त्यात म्हटले होते. आदेश योग्यच होता. परंतु तो निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीच देशातील अनेक विद्यापीठांनी व शिक्षणसंस्थांनी आपल्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना खोल्या सोडून घरी जाण्यास सांगितले होते. घरमालकाने केली तर ती गुन्हा ठरणारी गोष्ट संस्थेने केली तेव्हा खबरदारी ठरली. शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या विद्यार्थ्याकडे आपली व्यवस्था कोणत्या दृष्टीने पाहते, हे या विसंगतीवरून कळते.

संस्थाचालकांवर सरसकट दोषारोप करणे मात्र न्यायाचे होणार नाही. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. १३ मार्चला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळात जन्मलेला हा कायदा सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा कामास आला. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. एका खोलीत तिघे-चौघे, सामायिक स्नानगृहे आणि एकच भोजनगृह अशा इमारतीत साथ शिरली असती तर काय झाले असते, या विचाराने कुलगुरूंची व अधीक्षकांची झोप उडाली असल्यास नवल नाही. त्या आठवड्यातील घाई क्षम्य मानता येईल. क्षम्य नाही ती गोष्ट पुढची आहे. एका आठवड्याचा तो निर्णय जवळजवळ दोन वर्षांचे धोरण होऊन बसला. राज्यातील महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ रोजी निम्म्या उपस्थितीने उघडली व दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली. ती २० ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली, जानेवारी २०२२ मध्ये परत बंद झाली आणि १ फेब्रुवारीपासून उघडू लागली. तीन वर्षांच्या पदवीतील दोन वर्षे अशी गेली.

या काळात 'घरी राहा आणि शिका' असे सर्वांना एकाच सुरात सांगितले गेले. पण ज्याला घरी राहून शिकता येत नव्हते तोच तर घर सोडून आला होता! ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवावी अशी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. केवळ शाळा काढून बहुजनांचे शिक्षण होत नाही, हे या दोघांनी ओळखले होते. दिवा, शांत कोपरा, ग्रंथ, बरोबरीने अभ्यास करणारे सोबती आणि शेतातल्या व चुलीजवळच्या कामापासून काही तासांची सुटका यांवाचून गरिबाच्या मुलाला विद्या साधत नाही. वसतिगृह म्हणजे केवळ रात्रीचा निवारा नव्हे. ते शिक्षणाचे अर्धे अंग आहे. २०२० मध्ये याचाच विसर पडला.

वर्ग ऑनलाइन भरले, हे खरे. परंतु ते कोणाच्या घरी पोहोचणार होते, याचे आकडे सरकारच्या दप्तरात आधीच पडून होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती, तर संगणक अवघ्या साडेचार टक्क्यांकडे होता. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे ४२ व २३ टक्के होते. जून २०२० मध्ये मुंबईच्या आयआयटीने पुढील सत्र पूर्णपणे ऑनलाइन घेण्याचे ठरवले, तेव्हा गरजू विद्यार्थ्यांना लॅपटॉप मिळावेत म्हणून तिला पाच कोटी रुपयांसाठी देणगीदारांना आवाहन करावे लागले. देशातील अग्रगण्य संस्थेची ही अवस्था, तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाने एखाद्या सामान्य महाविद्यालयाकडून कसली अपेक्षा करावी? एक मोबाइल, त्यावर तीन भावंडांचे वर्ग, आणि 'रेंज' मिळावी म्हणून टेकडीवर किंवा झाडाखाली बसलेला विद्यार्थी, असे तेव्हाचे चित्र होते. त्याची पुस्तके व टिपणे मात्र शहरातल्या कुलूपबंद खोलीत राहिली होती. पुण्यासह अनेक शहरांत तर वसतिगृहांच्या इमारती अलगीकरणासाठी घेण्यात आल्या. निकड होती, यात शंका नाही. परंतु आपले सामान कुठे आहे, याचीही अनेकांना काळजी लागून राहिली.

जे शहरात अडकले त्यांची स्थिती याहून बरी नव्हती. अडकलेल्या मजूर-विद्यार्थ्यांना प्रवासाची परवानगी केंद्राने दिली ती २९ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे देश बंद झाल्यानंतर पाच आठवड्यांनी. तोवर पुण्याच्या पेठांत 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या मुलांच्या खानावळी बंद होत्या. मार्चच्या ज्या आदेशाने विद्यार्थ्याला घरातून काढण्यास मनाई केली, त्याच आदेशातील एक महिन्याच्या भाड्याची सवलत फक्त कामगारांपुरती होती. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले. पण पुढे ढकललेले भाडे माफ होत नाही, ते साचते. 'कमवा व शिका' योजनेत विद्यापीठाच्या आवारात तासांवर काम करणाऱ्याचे, दुपारी दुकानात हिशेब लिहिणाऱ्याचे आणि संध्याकाळी शिकवण्या घेणाऱ्याचे उत्पन्न मात्र एका दिवसात थांबले होते.

त्यातच परीक्षांचा घोळ सुरू झाला. राज्य शासनाची भूमिका अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी त्या सप्टेंबरअखेर घेण्याचे फर्मावले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी नाही असा निर्वाळा दिला. आणि प्रत्यक्ष परीक्षा बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरमध्ये झाल्या. कोणाची बाजू बरोबर होती, हा प्रश्न येथे गौण आहे. शहरात घर असणाऱ्याला या वादाचा अर्थ तारीख लांबणे एवढाच होता. परगावच्या विद्यार्थ्याला मात्र दर आठवड्यास नवा हिशेब मांडावा लागे. खोली धरून ठेवायची की सोडायची, भाडे कोठून आणायचे, गाडी मिळेल काय, परत आलो तर जेवायचे कोठे, हे प्रश्न त्याच्यापुढे होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक काळजी होती. मोठ्या प्रयासाने घराबाहेर पडलेली मुलगी परत आली की 'आता शिकणे पुरे' म्हणणारे प्रत्येक गावात असतात.

याला दुसरा मार्ग नव्हता काय? होता. परदेशी विद्यार्थ्यांना घरी जाणे शक्य नव्हते, म्हणून अनेक संस्थांनी त्यांना वसतिगृहांत राहू दिले. कमी संख्येने, अंतर पाळून, भोजनाची वेगळी व्यवस्था करून. विमाने बंद असल्याची अडचण प्रशासनाला समजली. घरात वीज, जागा आणि स्वस्थता नसल्याची अडचण मात्र त्याला समजली नाही, कारण ती कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नव्हती.

साथी येतात आणि जातात. पुढची केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच नियम शांततेच्या काळात करून ठेवावयास हवेत. कोणत्याही संकटात वसतिगृह पूर्णपणे बंद होणार नाही आणि ज्यांना घरी शिकणे अशक्य आहे त्यांचा राहण्याचा हक्क अबाधित राहील, हे विद्यापीठांनी आपल्या परिनियमांत लिहावे. अशा विद्यार्थ्यांची यादी प्रवेशाच्या वेळीच तयार करता येईल. इमारत ताब्यात घेताना सामानाची जबाबदारी कोणाची आणि न वापरलेल्या खोलीचे व भोजनाचे पैसे कसे परत मिळणार, हेही आधी ठरावे. भाड्याची सवलत कामगारांना देताना विद्यार्थ्यांना वगळू नये. तालुक्याच्या महाविद्यालयांची व शाळांची ग्रंथालये अशा वेळी कोणत्याही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी खुली असावीत. यांपैकी कोणत्याही गोष्टीला फार मोठा पैसा लागत नाही.

त्या दोन वर्षांच्या पदव्यांना 'कोरोनाची पदवी' म्हणून हिणवण्याची सवय काहींना लागली. त्या मुलांचे शिक्षण उणे राहिले असेल, तर त्याचा जाब त्यांना विचारण्याआधी तो त्यांच्या खोल्यांना कुलूप लावून दोन वर्षे ते न उघडणाऱ्या व्यवस्थेला विचारला पाहिजे.