चार पानांची भीती

धर्मग्रामातील तरुणांनी स्वतःचे चार पानांचे पत्र काढावे, असा विषय निघाला की बैठकीत तीन आक्षेप ठरलेले असतात. पहिला, ‘वर्तमानपत्रे काय थोडी आहेत?’ दुसरा, ‘हल्ली सगळे मोबाईलवर मिळते.’ तिसरा दबक्या आवाजात उच्चारला जातो, पण खरा तोच असतो : ‘ही पोरे उद्या आपल्यावरच लिहू लागतील.’ हे तिन्ही आक्षेप सुज्ञपणाचा आव आणतात. त्यांत सुज्ञपणा किती आणि भय किती, हे एकदा पाहिलेच पाहिजे.

वर्तमानपत्रे थोडी नाहीत, हे खरे. परंतु त्यांत आपला कर्जत-खालापूरचा मुलूख कोणत्या रूपाने येतो? पावसाळ्यात धबधबे म्हणून आणि बारमाही फार्महाऊसची जाहिरात म्हणून. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जाण्यास रस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना चिखलातून पायी चढावे लागले. 27 मृतदेह हाती लागले आणि चौथ्या दिवशी शोधकार्य थांबले, तेव्हा 57 माणसे बेपत्ता होती. त्या आठवड्यात सारी वृत्तसृष्टी पायथ्याशी उभी होती. दरड कोसळल्यावर जाणाऱ्या पत्रांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती आधी जाणाऱ्या, रस्ता का नाही हे दर महिन्याला विचारणाऱ्या पत्राची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. ही बातमी दरवर्षी घडते, म्हणूनच मोठ्या पत्रांच्या लेखी ती बातमी नसते.

अशा वेळी माणसे स्वतःचे पत्र काढतात. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास त्याला साक्षी आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला आणि चौदाव्या दिवशी, 3 एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याआधी 1920 साली त्यांनी ‘मूकनायक’ काढले होते. आपल्यावरील अन्यायाची दाद दुसऱ्यांच्या पत्रांत लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी 1933 पासून सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. त्या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी 1937 मध्ये ‘कृषीवल’ सुरू केले. संपाला भाकरी लागते तशीच बातमीही लागते, हे त्यांना कळले होते.

तरुणांचे म्हणाल, तर मराठी साहित्याची कूस बदलली तीच मुळी लहान पत्रांनी. 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी सायक्लोस्टाइल करून ‘शब्द’ काढले; पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. याच अनियतकालिकांच्या मुशीतून राजा ढाले, नामदेव ढसाळ पुढे आले आणि 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली. तेव्हा ढसाळ 23 वर्षांचे होते. या मंडळींची भाषा पुष्कळदा शिवराळ होती आणि तिचा प्रत्येक शब्द मी माझ्या धर्मग्रामातील मुलांपुढे ठेवणार नाही. पण ज्यांनी केवळ भाषेवर बोट ठेवले, त्यांना प्रश्नांची उत्तरे द्यायची नव्हती, हेही तितकेच खरे. आपल्या घरातील मुलगा आवाज चढवून बोलतो, तेव्हा आवाजाबद्दल त्याला जरूर रागवावे. परंतु तो काय सांगतो, ते आधी ऐकावे.

आता मोबाईल. तिथे सगळे मिळते, पण ते सांगणारा कोण, हे मिळत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्यांना संपादक नव्हता, खुलाशाची जागा नव्हती. चार पानांच्या पत्राखाली मात्र नाव असते आणि ते लिहिणारा रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर भेटतो. जबाबदारीने लिहिण्याची याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

उरला तिसरा आक्षेप. पोरे आपल्यावर लिहितील? लिहू द्या. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी संपर्कमाध्यमांविषयीचे फर्मान काढले आणि माणसाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे त्यात मान्य केले. हा हक्क चर्चच्या दारापाशी संपतो, असे तिथे म्हटलेले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 1983 ते 2007 या काळात ‘सुवार्ता’चे संपादन केले. एका धर्मप्रांतीय मासिकातून वसईच्या हिरवाईचा प्रश्न निर्भयपणे मांडता येतो, हे त्यांनी दाखविले. पुढे 2020 साली ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, याचा आपण अभिमान मिरवतो. तो मिरवावा आणि आपल्या तरुणांची चार पाने मात्र रोखावीत, हे एका तोंडाने दोन गोष्टी बोलणे झाले.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक लेखाखाली खरे नाव असावे. ज्याच्यावर टीका झाली, त्याचे उत्तर पुढच्या अंकात त्याच जागी छापावे. जमाखर्च सर्वांना दिसावा. प्रत्येक अंकातील एक पान कर्जत वा खालापूरच्या एखाद्या वाडीवर स्वतः चालत जाऊन लिहिलेले असावे. एवढे चार नियम तरुणांनी पाळावेत. वडीलधाऱ्यांनी एकच पाळावा : कागदाचा खर्च द्यावा, लेखणीला हात लावू नये.