देणं पैशाचं आहे, अब्रूचं नाही



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले होते. पाणी गाळून झालं होतं आणि मी अभिषेकाला निघायच्या गडबडीत होते. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. समोरच्या माणसाने नात्यातल्या एका सुनेचं नाव घेतलं आणि हिंदीत दमच भरला. तिने कर्ज बुडवलंय, आज पैसे आले नाहीत तर तिचा फोटो ‘चोर’ म्हणून सगळ्यांना पाठवू. मी घाबरून फोन ठेवला.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. मी त्या मुलीला फोन केला नाही. जाऊबाईंना केला. “अहो, कळलं का?” संध्याकाळी स्वाध्यायाला गेले तर चार जणींना सगळं ठाऊक होतं. तिची बदनामी करायला त्या माणसाला पन्नास फोन करावे लागले असते. ते काम मी एका फोनमध्ये, तेही फुकटात करून दिलं.

दोन दिवसांनी ती स्वतःच माझ्याकडे आली. “काकू, तुम्हालाही फोन आला ना?” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आईच्या औषधांसाठी तिने मोबाइलवरच्या एका ॲपमधून 10,000 रुपये घेतले होते. नवऱ्याला माहीत नव्हतं. मी कागद-पेन काढलं. चाळीस वर्षांपूर्वी बी.कॉम. झाले, त्याचा उपयोग एरवी किराण्याच्या यादीपुरताच. खात्यात आले होते 7,000. बाकीचे म्हणे प्रोसेसिंग फी. फेडायचे मात्र पूर्ण 10,000, तेही सात दिवसांत. म्हणजे 7,000 वर आठवड्याला 3,000, जवळजवळ 43 टक्के! उशीर झाला म्हणून दंड, दंड भरायला दुसरं ॲप. हातात आले त्याच्या दुपटीहून जास्त पैसे तिने भरले होते, तरी “बाकी” संपत नव्हती.

“कुणाला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“कळलं असतं ना सगळ्यांना,” ती म्हणाली. मी मान खाली घातली.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. या वसुलीवाल्यांचं खरं भांडवल पैसा नाही, आपली लाज आहे. आपण जितकं लपवतो तितका त्यांचा धंदा चालतो. आणि आपण बायका लपवण्यात पटाईत. घरातलं भांडण, आजारपण, कर्ज, सगळं पदराआड.

माझं म्हणणं चुकीचं समजू नका. घेतलेलं परत केलंच पाहिजे. आपल्याला अचौर्य अणुव्रत शिकवलेलं आहे. “ते उद्धटपणे बोलले, आता मी भरणारच नाही” असं म्हणणारीची बाजू मी घेणार नाही. पण “पैसे घेतलेत ना, मग ऐकून घ्यावंच लागतं” हेही मला मान्य नाही. देणं पैशाचं असतं. सासू-सासऱ्यांना शिव्या, शेजाऱ्यांपुढे तमाशा, मुलाच्या शाळेत फोन हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

कायदाही हेच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर थकीत कर्जासाठी फोन करायचा नाही. आपली जेवणं जशी सूर्यास्ताआधी उरकतात, तसे त्यांचे फोनही वेळेत थांबले पाहिजेत! धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांना आणि मैत्रिणींना त्रास, सगळ्याला मनाई आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने तुमच्या मोबाइलमधली नावं-नंबर आणि फोटो यांना हात लावायचा नाही, हाही नियम आहे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे जरूर सांगा, कारण गटाचं कर्ज त्यांच्या डोक्यावर असतं. त्या सूक्ष्म कर्जांच्या वसुलीची वेळ तर सकाळी 9 ते संध्याकाळी 6 एवढीच आहे.

माणूस दारात आला तर आधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. रोख रक्कम हातात देऊ नका. खात्यात भरा आणि पावती ठेवा. “उद्या पोलीस उचलतील” म्हणाला तर घाबरू नका. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. मात्र चेक परत गेला तर गुन्हा होऊ शकतो, आणि जामीनदार म्हणून सही केली असेल तर ते देणं आपलंही असतं. म्हणून सह्या जपून करा. फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहा, मेसेज पुसू नका. बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीचा नंबर 14448. पतसंस्था असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जा. ॲपवाल्यांनी फसवलं, फोटो पाठवायची धमकी दिली, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांत.

त्या मुलीसाठी आम्ही हेच केलं. पण सगळ्यात आधी तिच्या नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला तोच तिच्याबरोबर गेला. नंतर तिचा फोटो आला खरा, पंधरा-वीस जणांना. पण तोवर घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्या फोटोत काही उरलंच नव्हतं. फोन हळूहळू बंद झाले.

माझं काम मात्र राहिलं होतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताच्या अतिचारांत रहोभ्याख्यान येतं, म्हणजे दुसऱ्याची एकांतातली गोष्ट उघड करणं. कितीदा वाचलं असेल! तो माणूस जे पैशासाठी करत होता, ते मी चहाबरोबर बोलायला विषय म्हणून केलं. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आहे, पेलणार नाही इतकं ओझं लादणं. ते फक्त बैलावरच लादतात का? आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी दुकान आहे, उधारीची वही आहे. आपला माणूस वसुलीला जातो तेव्हा गिऱ्हाइकाच्या बायकोशी काय बोलतो, हे आपण कधी विचारलंय? मीही नव्हतं विचारलं. आता विचारते.

दशलक्षणात उत्तम क्षमेच्या दिवशी मी त्या मुलीकडे गेले आणि हात जोडले. ती म्हणाली, “काकू, तुम्ही तर मदत केलीत.” तिला ठाऊकच नव्हतं की तिची गोष्ट पसरवली कुणी. मी सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली, मग आत जाऊन पाणी घेऊन आली.

क्षमा म्हणजे शिव्या मुकाट्याने ऐकणं नव्हे, हे तिने शिकावं. आणि कुणाबद्दल असा फोन आला तर आधी तिलाच फोन करावा, हे आपण शिकूया.

जय जिनेंद्र.