लेजरवर नसलेली मांजरं

फौजेत जनावरालाही नंबर असतो. खेचराच्या खुरावर तो डागलेला असतो, कुत्र्याच्या नावाची फाईल असते, घोड्याच्या कपाळावरचा टिळासुद्धा कागदावर उतरलेला असतो. पेडोंगी नावाचं खेचर जुन्या एएससीवाल्यांना आठवत असेल. खूर क्रमांक १५३२८. १९७१ च्या युद्धात ते पाकिस्तानच्या हाती लागलं आणि पाठीवरच्या ओझ्यासकट आपल्या बाजूला परत आलं. त्याचा नंबर आजही सांगता येतो, कारण तो कुणीतरी लिहून ठेवला होता.

मांजराचं असं काही नसतं. पीईमध्ये त्याची जागा नाही, रेशन स्केलमध्ये त्याच्या नावाचं दूध नाही. तरी वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी जिथे जिथे राहिलो, तिथल्या लंगरात, रेशन स्टोअरमध्ये, एमटी शेडमध्ये एखादं मांजर हजर होतंच. बिनपगारी, बिनहुद्द्याचं, आणि चेहऱ्यावर भाव असा की युनिट त्याचंच आहे, आपण आपले पोस्टिंगवर आलोय.

पण मांजरांचं खरं राज्य पाहिलं ते मिलिटरी फार्मवर. नव्या पिढीला हे नावही माहीत नसेल. जवानांना स्वच्छ गाईचं दूध मिळावं म्हणून १ फेब्रुवारी १८८९ ला अलाहाबादला पहिलं मिलिटरी फार्म सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर ही फार्म्स देशभर १३० झाली आणि त्यांत ३०,००० जनावरं होती. वर्षाला साडेतीन कोटी लिटर दूध आणि २५,००० टन वाळलेलं गवत तिथून निघायचं. पुण्याकडच्या मंडळींना पिंपरीचं डेअरी फार्म ठाऊक असेल. मी लेफ्टनंट असताना मेरठला होतो. तिथल्या फार्मवर काही ना काही कामाने जावं लागायचं, आणि काम संपल्यावरही माझा पाय निघत नसे, तो या मांजरांमुळे.

पहाटेच्या धारा काढायच्या वेळेआधी पंधरा मिनिटं सगळी फॉलइन. घड्याळ कुणाकडे नाही, बिगुल नाही, पण उशीर एकीलाही नाही. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या माद्या, मागे अर्धवट वयाची पोरं, आणि बोका रांगेबाहेर, जणू त्याला या सगळ्याशी देणंघेणं नाही. धार काढणारा एक जुना माणूस होता. तो बादलीकडे बघता बघता मधेच आचळ तिरकं करून एक धार मांजराच्या तोंडावर सोडायचा. मांजर मागच्या दोन पायांवर उभं राहून तोंड उघडायचं. अर्धं दूध पोटात, अर्धं मिशांवर. मग ते अपमान झाल्यासारखं बाजूला जाऊन तोंड पुसत बसायचं आणि दोन मिनिटांनी पुन्हा त्याच जागी हजर व्हायचं. (मोठ्या मांजराला दूध खरं तर पचत नाही, बऱ्याचदा पोट बिघडतं. हे मला नंतर एका पशुवैद्याने सांगितलं. मांजरांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.)

मेरठची थंडी आणि धुकं ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. त्या दिवसांत एक करडी मनी थेट गव्हाणीत, चाऱ्यावर झोपायची. गाय यायची, हुंगायची आणि त्या खरखरीत जिभेने चाऱ्याबरोबर मनीलाही चाटून काढायची. मनीचे कपाळावरचे केस उभे राहायचे, डोळे मिटलेले, पण जागा सोडणार नाही. शेवटी गाय तोंडाने तिला सरकवून बाजूचा चारा खायची. हा करार दोघींनी कधी केला कुणास ठाऊक, पण मी तो मोडलेला पाहिला नाही.

बोका म्हणजे तर इन्स्पेक्शनला आलेला जनरल. रुंद जबडा, फाटका कान, शेडच्या मधोमध चालायचं, डावीउजवीकडे न बघता. एकदा चार दिवसांचं वासरू त्याच्यामागे नुसतं कुतूहलाने दोन पावलं आलं, तर साहेब थेट गवताच्या गंजीवर. उडी चुकली, घसरून खाली आले, आणि लगेच पाय वर करून अंग चाटायला लागले, जणू खाली यायचंच होतं. मेसच्या जिन्यावरून घसरलेल्या तरुण अफसराला नेमकं असंच करताना मी पाहिलंय.

आणि चिचुंद्र्या! मांजर चिचुंद्री मारतं, पण तिच्या वासामुळे खात नाही. मग ती ऑफिसच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची. ज्या दिवशी वरून कुणी पाहणीला यायचं, त्याच सकाळी हटकून दोन.

हे सगळं गंमत म्हणून सोडून देता येईल. पण शेतावरच्या मांजरांचा ज्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांना या गमतीमागे एक पक्की रचना दिसली. डेव्हिड मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शेतांवरची मांजरं पाहिली आणि १९८७ मध्ये त्यावर लिहिलं. मांजर एकलकोंडं असतं हा आपला समज शेतावर टिकत नाही. तिथे आई, मावशी, बहिणी एकत्र राहतात, एकमेकींच्या पिलांना पाजतात. परका बोका आला तर पिलं मारतोसुद्धा, म्हणून माद्यांची ही एकी. मांजर पिलांना सात घरं फिरवते असं आमची आजी सांगायची. आम्हाला ती एक रीत वाटायची. ती निव्वळ सुरक्षिततेची हालचाल आहे, ठिकाण उघड झालं की जागा बदलायची. कोणताही गस्तीवाला हे समजू शकेल.

शेपूट ताठ वर करून येणं ही ओळखीच्याला केलेली सलामी. आणि म्याँव हा आवाज मोठी मांजरं आपसांत फारसा काढतच नाहीत. तो मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे आपल्याशी बोलायला त्यांनी निराळी भाषा ठेवली, आणि आपण त्यांना लेजरमध्ये एक ओळही दिली नाही.

ते नातं नवंही नाही. सायप्रस बेटावर साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर. कुणी बोलावलं नाही, कुणी पकडून बांधलं नाही. गोदामाशी जुळलेला हा प्राणी आहे, गोदीशी नाही. सोफ्यावरचं मांजर ही फार अलीकडची बढती आहे.

आता मुद्द्यावर येतो.

३१ मार्च २०२१ ला दिल्ली छावणीत समारंभपूर्वक मिलिटरी फार्म्सचा निरोप झाला. १३२ वर्षं. त्या निर्णयावर मला इथे वाद घालायचा नाही. दूध आज बाजारात पिशवीत मिळतं आणि सैन्याने डेअरी चालवावी का, हा प्रश्न रास्तच होता. गाई सरकारी खात्यांना आणि सहकारी डेअऱ्यांना गेल्या, माणसांना मंत्रालयातच दुसरीकडे कामं मिळाली, जमिनीचे कागद झाले. यादीत जे जे होतं त्याची व्यवस्था लागली. मांजरं यादीत नव्हती.

ती गेली कुठे? कुठेच नाही. दूध बंद झालं, गंजी उठल्या, आणि ती जवळच्या लंगरात, क्वार्टर्समध्ये, पंप हाउसमध्ये सरकली. दिल्ली एनसीआरमधल्या छावण्यांत, आणि जिथे शेतं बुजवून इमारती उभ्या राहिल्या त्या नजफगढ-छत्तरपूरच्या बाजूलाही, आज जी मांजरं दिसतात त्यांतली बरीच अशीच, गोठा गेलेली. लोक त्यांना भटकी म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. ती आहेत तिथेच आहेत, भटकलंय ते भोवतालचं गाव.

गेल्या वर्षी हा विषय तापला. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमधली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. निर्बीजीकरण करा, लस द्या आणि त्याच भागात परत सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळा. त्या वादात मांजराचा संबंध नव्हता. पण आम्ही राहतो त्या वसाहतीत लगोलग सूचना फिरली की मांजरंही पोत्यात भरून यमुनेपलीकडे सोडून यावीत. दुसऱ्या बाजूला एक गट उभा राहिला, तो दर बाल्कनीतून परदेशी पाकिटातलं खाणं खाली टाकतो आणि मांजराला बाळ म्हणतो.

दोन्ही बाजू चुकतात असं माझं स्पष्ट मत आहे.

पोत्यात भरणाऱ्यांना सांगायचं ते असं. शेतावरचं मांजर माणसापेक्षा जागेशी आणि आपल्या बहिणींशी बांधलेलं असतं. नेऊन सोडलं तर ते परतायचा प्रयत्न करतं, बहुधा रस्त्यातच मरतं. मागे राहिलेली पिलं उपाशी मरतात. आणि जिथे लंगराचं उष्टं उघडं आहे तिथे रिकामी जागा फार दिवस राहत नाही, शेजारची मांजरं येतात. मूव्ह ऑर्डर काढून पोस्ट रद्द होत नाही, हे फौजीला वेगळं शिकवायला नको.

बाळ म्हणणाऱ्यांनाही सांगायचं आहे. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, पिलं दोन महिन्यांत होतात, आणि आधीची पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. नुसतं खाऊ घालणं म्हणजे दया नव्हे, भरती आहे. शिवाय मांजर पाखरंही मारतं, पोट भरलेलं असलं तरी मारतं. दिल्लीने २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्षी केलं, मग तिच्या शत्रूची फौज वाढवायची हा काय प्रकार? आणि मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मांजरच तर आहे, असं म्हणून थांबायचं नाही.

उंदरांबद्दलही थोडं खरं बोलू. मांजर असलं की उंदीर संपतात ही अर्धी गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये कचरा छाटणाऱ्या एका कारखान्यात संशोधकांनी कॅमेरे लावून पाहिलं, २०१८ मध्ये ते छापून आलं. ७९ दिवसांत मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन. पण मांजरं असली की उंदीर बिळाबाहेर कमी दिसत. मेरठला मी हेच पाहिलं. छोटे उंदीर फस्त, घूस आली की मांजर दुसरीकडे बघायला लागतं. त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. आपल्या तोडीचं लक्ष्य निवडणं हेही शिक्षणच आहे, खडकवासल्याला आम्हाला ते शिकवायला तीन वर्षं लागली. आणि गोदामात रोज लागते ती दहशत, मुडदे मोजायची गरज नसते.

मांजराला मान देणाऱ्या सेनाही झाल्या आहेत. ब्रिटिश नौदलाच्या अ‍ॅमेथिस्ट या जहाजावर एप्रिल १९४९ मध्ये यांगत्से नदीत तोफगोळे पडले, त्यात सायमन हा जहाजावरचा बोका भाजला, जखमी झाला. जहाज तीन महिन्यांवर अडकून पडलं, रेशनवर उंदीर तुटून पडले, आणि हा बरा होऊन कामाला लागला. जनावरांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक त्याला मरणोत्तर मिळालं. ते मिळालेलं आजवरचं हे एकच मांजर.

मी पदक मागत नाही. माझी मागणी रजिस्टरमधल्या एका ओळीची आहे. ज्या स्टोअरमध्ये, ज्या आवारात मांजरं आहेत तिथे ती मोजा. जवळच्या पशुवैद्याकडून नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्या, कानाचं टोक छाटलं की झालेलं कोणतं हे लांबूनही कळतं. खाणं एकाच जागी, ठरल्या वेळी, थोडं, आणि उरलेलं उचलायचं. बाल्कनीतून काही टाकायचं नाही. लंगराचं उष्टं झाकायचं. पाखरांच्या राखीव जागेजवळ, ओखला किंवा सुलतानपूरच्या बाजूला, मांजरं वसवायचीच नाहीत. याला निधी, समिती, बोर्ड ऑफ ऑफिसर्स काही लागत नाही. एक समजूतदार हवालदार पुरतो.

आणि थंडीत एमटीवाल्यांनी एक सवय लावावी. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा. रात्री इंजिनाच्या उबेला मांजर आत जाऊन बसतं. फर्स्ट परेडमध्ये तेल-पाणी बघतोच, त्यात हे दोन सेकंद.

आमच्या वसाहतीच्या पंप हाउसमागे सध्या एक तिरंगी मनी आहे. काळा, पांढरा, नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, त्यामुळे तिच्याबद्दल शंका नव्हती. पंप चालवणाऱ्या भैयाला विचारलं तर म्हणाला, ही पुराने फार्मवाल्यांतली. खरंखोटं तोच जाणे. तिला चार पिलं झाली आहेत. नसबंदीची तारीख ठरली आहे, पण पिलं दूध सोडेपर्यंत डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. तोवर ती कुणालाच हात लावू देत नाही. पहिलं घर पंप हाउस, दुसरं कुलरचं खोकं. काल रात्री मोठ्या लगबगीने एकेक पिलू मानेला धरून तिने तिसरं घर गाठलं. ते माझ्या स्कूटरच्या डिकीखाली आहे, म्हणून सध्या मी ऑफिसला चालत जातो.