प्लास्टर दिसले की सवलत

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका शाळेत या आठवड्यात पालकसभेत नववीतल्या मुलीच्या आईला सगळ्यांदेखत ऐकवले गेले, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग हिची रोजची नाटकं कशाला?" मुलीला फायब्रोमायाल्जिया आहे. या आजारात एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मलच येतात. मज्जासंस्था वेदना वाढवून पोचवते, ते त्यात दिसत नाही. हे या सदरात मी वारंवार लिहिले आहे. तरीही एका आईला मान खाली घालून घरी जावे लागले, याचा मला संताप आहे.

तिच्याच वर्गातल्या एका मुलाचा हात मोडलाय. त्याचे दप्तर मित्र उचलतात, वह्या मैत्रिणी पूर्ण करून देतात, बाई प्रश्न तोंडी विचारतात. सगळे योग्यच आहे. ऐन दहावीत असा हात मोडला, तर बोर्डाच्या परवानगीने लेखनिकही मिळतो. या मुलीचे मनगट अर्धे पान लिहिले की भरून येते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठणकते. तिला मात्र "दुखण्याकडे लक्ष देऊ नकोस" एवढाच सल्ला. मुलाचे हाड काही आठवड्यांत जुळेल. तिचे दुखणे कदाचित वर्षानुवर्षे चालेल, आणि तरी मदतीआधी खरेपणा तिनेच सिद्ध करायचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही या आजाराचे नाव नाही.

इथेच ऑक्युपेशनल थेरपी लागते. बरे वाटले त्या दिवशी सगळा अभ्यास उरकायचा आणि पुढचे दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र थेरपिस्ट मोडतात. कामाचे तुकडे, दुखणे चढण्याआधी विसावा, जाड पकडीचे पेन, झोपेची ठरलेली वेळ. शाळेत आधी दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. मुलीला घरी बसवणे हा उपचार नव्हे. कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये या विषयाचे शिक्षण सुरू केले. इतक्या वर्षांनी ते सोलापुरातल्या वर्गापर्यंत पोचायला हवे होते.

आणि शंभर टक्के हजेरीचे बक्षीस बंद करा, हे मी पुन्हा सांगतो. त्यातून मुले दुखणे लपवायला शिकतात.

थेरपिस्ट, वर्गशिक्षक आणि आई यांनी मिळून मुलीचे वेळापत्रक एका कागदावर ठरवावे. त्याला शासन निर्णय लागत नाही, मुख्याध्यापकांची सही पुरते. ती सही याच आठवड्यात व्हावी.