पाचला उठा म्हणे!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नेकनूरमधल्या एका बचतगटाची बैठक संपत आली होती. पैसे गोळा झाले, ठराववहीवर सह्या-अंगठे झाले, आणि उठता उठता एकीने पिशवीतून पुस्तक काढलं. पुण्याला कंपनीत असलेल्या भावाने दिलेलं. धंद्यात पुढे कसं जावं, सवयी कशा बदलाव्यात, असं सांगणारं, इंग्रजीवरून मराठीत आलेलं. बाई बारावीपर्यंत शिकलेली, शिवणकामाचं दुकान चालवते.

“ताई, चार महिन्यांत अकरा पानं झालीत. ह्यात लिहिलंय, रोज पहाटं पाचला उठायचं अन् एक तास वाचायचं. मी तर साडेचारलाच उठते. मग माझा तास कुठं गेला?”

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. आणि मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, “असली पुस्तकं कशाला वाचतेस? त्यापेक्षा सावित्रीबाईंचं चरित्र देते.” ती काही बोलली नाही. पुस्तक पिशवीत गेलं.

घरी आल्यावर टोचत राहिलं. तिने वेळेबद्दल विचारलं होतं आणि मी तिला पुस्तकांची निवड शिकवायला गेले. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली म्हणजे दुसऱ्या बाईने काय वाचावं हे ठरवण्याचा परवाना मिळतो, असं आपल्याला कुठेतरी वाटत असतं. चळवळीतल्या आपण सगळ्याजणी हे थोडंफार करतो. धंदा, नफा, यश हे शब्द ऐकले की नाक मुरडतो. पण दुकान चालवणाऱ्या बाईला नफा हवा असतो आणि तो कसा वाढवावा हे वाचावंसं वाटलं तर त्यात गैर काय?

त्या पुस्तकांबद्दल माझी तक्रार आहेच, पण ती वेगळी आहे. ती ज्या माणसासाठी लिहिलेली असतात त्याचा पहाटेचा तास रिकामा असतो. तो उठतो तेव्हा पाणी भरलेलं असतं, चहा समोर येतो, डबा कुणीतरी भरलेला असतो. ते ‘कुणीतरी’ पुस्तकात कुठे दिसत नाही. म्हणून पुस्तकाला वाटतं, वेळ न मिळणं म्हणजे आळस. आणि आमची ही बाई अकरा पानं वाचून स्वतःलाच आळशी म्हणू लागली होती!

आकडे बघा. केंद्र सरकारने २०१९ आणि २०२४ या दोन वर्षी लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. २०२४ साली २८९. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटांची बचत. या गतीने रोजचा एक तास सुटायला अजून पंचवीस वर्षं लागतील. पुरुषांची २०२४ ची सरासरी ८८ मिनिटं, आणि तीही जे घरकामाला हात लावतात त्यांचीच. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरातले सव्वीस होते. लेकरांचं, म्हाताऱ्यांचं करणं या मिनिटांत धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. शेतातलं, दुकानातलं काम तर आणखीनच वेगळं.

तेव्हा तिचा तास कुठे गेला याचं उत्तर सरळ आहे. तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी तासात जमा झाला. माझ्या घरीही तेच. मी बाहेर समतेवर व्याख्यानं देते आणि सकाळचं वर्तमानपत्र मला संध्याकाळी, चुरगळलेलं मिळतं.

रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. नवरा न्यायमूर्ती, शिकवायला स्वतः तयार, तरी घरातल्या बायकांच्या टोमण्यांनी त्यांना शिकणं नकोसं करून सोडलं होतं. बाईने पुस्तक हातात धरलं की घर अस्वस्थ होतं, हे तेव्हापासूनचं. मोबाईल हातात असेल तर आज कुणी फारसं बोलत नाही, पुस्तक असलं की “कलेक्टर होणार का?” असं विचारतात.

उलट उदाहरणंही आपल्याकडेच आहेत. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्या माणसाला त्यांनी लवकर उठायला सांगितलं नाही, शाळेचीच वेळ बदलली. अलीकडचं उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, आमच्यासारख्याच दुष्काळी भागातलं. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायला परवानगी मागितली, तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने नकार दिला. बायका शिकायला बसल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे २००६ पासून तिथे ग्रामीण बायकांसाठी धंद्याचं शिक्षण सुरू झालं, त्यासाठी बस गावोगाव फिरू लागली. वर्ग बाईच्या दारात गेला.

आम्हीही तेवढंच केलं, अगदी लहान प्रमाणात. बैठकीला चाळीस मिनिटं जोडली. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्येच थांबवून भांडायचं. पहिलं पुस्तक अर्थातच तेच. त्यातला पहाटेचा सल्ला सगळ्यांनी एकमताने रद्द केला. मात्र दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा वेगळा ठेवा, हे प्रकरण इतकं लागू पडलं की दोघींनी दुसऱ्याच दिवशी वेगळे डबे केले.

मग गाडी आपोआप जवळच्या कागदांवर आली. एकीने कर्जाचं कार्ड आणलं. वीस हजार घेतले, वर्षभर दरमहा फेडायचे, व्याज ‘फक्त १८ टक्के’. हिशेब मांडला. पूर्ण रकमेवर वर्षभर व्याज लावलं तर ३,६०० रुपये. फिटत जाणाऱ्या, उरलेल्या रकमेवर लावलं तर साधारण २,००० रुपये. तोंडी सांगितलेला दर एकच, फरक सोळाशे रुपयांचा, आणि पहिल्या पद्धतीचा खरा दर बत्तीस टक्क्यांच्या आसपास जातो. कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत हव्यात, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. पण भाषा समजली तरी कार्ड निवांत वाचायला वेळ कुठे होता? अंगठा घेताना मागे रांग उभी होती.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं याहून अवघड. कोयता नवरा-बायको दोघांचा मिळून धरतात, उचलीची बोलणी मात्र त्याच्याशी होतात आणि किती टन तुटला, किती फिटलं, ते मुकादमाच्या वहीत राहतं. गटातल्या चौघी दिवाळीनंतर कारखान्याला गेल्या. जाताना प्रत्येकीला एक वही दिली: रोजच्या खेपा लिही. एकजण सातवी शिकलेली, बाकी तिघी रेघा मारणार. फडावर रात्री त्यांना डोळा लागायलाच वेळ मिळत नाही, तिथे पुस्तकाचं नाव मी कोणत्या तोंडाने काढू? त्या परत येतील तेव्हा त्यांच्या रेघा आणि मुकादमाचा आकडा शेजारी ठेवून बघायचं ठरलंय.

घरात सगळं गोड चाललंय असं समजू नका. चाळीस मिनिटं वाढली म्हणून एका सासूने दोन आठवडे सुनेशी अबोला धरला. एक नवरा दारात येऊन उभा राहिला, “अजून किती येळ?” म्हणत. त्याच्याच हातात पुस्तक दिलं, तर पान-दीड पान वाचून निघून गेला. दुसऱ्या एकाने मात्र बैठकीच्या दिवशी भाकरी थापायला घेतल्या आहेत. वाकड्या होतात म्हणे.

एक मागणी सगळ्याच गटांनी करावी असं मला वाटतं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून गावोगावच्या वाचनालयांना सरकार अनुदान देतं. ती बहुतेक सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, नेमकी चुलीच्या वेळेला. दुपारी दोन ते चार उघडा, असं ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे? आणि कपाटात धंद्याची, हिशेबाची पुस्तकंही येऊ द्या.

शिवणकामवालीचं पुस्तक आता साठाव्या पानावर आहे. तुमच्या गटाची बैठक किती वाजता असते, आणि तेवढा वेळ घरी चुलीपाशी कोण बसतं, हे मात्र नक्की लिहून कळवा.